कपाटं उघडा म्हणणारी शकू

शकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वाचनालयात कादंबऱ्यांच्या कपाटाशी झटापट करत होते. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडची कुलुपं वर्षाच्या आत गंजतात, आणि मग सकाळी सकाळी त्यांत खोबरेल तेल सोडून किल्ली हलवत बसावं लागतं. फोन तिच्या वहिनीचा होता. "सुमन, आमची शकू गेली गो," एवढंच ती म्हणाली, आणि मी "बरां" म्हटलं. आता लिहिताना मलाच विचित्र वाटतं, पण खरंच "बरां" म्हटलं, जशी काही शकू बाजारात गेली होती. मग किल्ली फिरली, कपाट उघडलं, आणि आतल्या पुस्तकांच्या पाठींवरचे तिच्या हातचे आकडे एकदम समोर आले… तेव्हा मी खाली बसले. आता महिना उलटून गेलाय, त्यामुळे चार ओळी नीट लिहिता येतील असं वाटतं.

शकुंतला तांडेल आमच्या वाचनालयाची तालिकाकार. मी पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर, ती माझ्या पाठीमागच्या टेबलावर, आणि दोघींत मिळून एक पंखा, तोही तिच्याकडे जास्त मान वळवणारा. उमेदीची सगळी वर्षं आम्ही अशी पाठीला पाठ लावून काढली. तालिकाकार म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगून पटत नसे. नवं पुस्तक आलं की ते कशाबद्दल आहे ते ठरवायचं, त्या विषयाचा आकडा त्याला द्यायचा, लेखकाच्या आणि विषयाच्या नावाने त्याची कार्डं लिहायची, पाठीवर चिठ्ठी डकवायची आणि त्याला त्याच्या भावंडांशेजारी नेऊन बसवायचं, असं ते काम. शकूची आई बंदरावर मासे विकायची, आणि ती हे सगळं एका वाक्यात उरकायची: "आमचां चेडू पुस्तकांका नंबर घालता." त्यावर मासे घेणारी बाई हटकून विचारी, "आनी मगे दिवसभर काय करता?" हा किस्सा शकू स्वतःच रंगवून सांगायची. सावंतवाडीला जाऊन ग्रंथालयाचा अभ्यासक्रम पुरा करून आली होती, तरी आईचं वाक्य तिला स्वतःच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त आवडायचं.

नंबर घालण्याची तिची एक रीत होती. पुस्तकाच्या कव्हरावर तिचा काडीचा विश्वास नसे. आधी पहिलं पान वाचायचं, मग शेवटचं, आणि मग डोळे मिटून अंगठा घालून मधलं कुठलं तरी एक. त्यानंतर पेन्सिलीने हलकाच आकडा लिहायचा आणि पुस्तक रात्रभर टेबलावर ठेवायचं. सकाळी आकडा तोच वाटला तर शाईने. एकदा आमचे चिटणीस अण्णा मोठ्या हौसेने एक पुस्तक घेऊन आले. वर होडी, होडीत नाखवा, मागे उसळलेला दर्या. बंदरावरच्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ते मुद्दाम मागवलं होतं. शकूने तीन पानं वाचली आणि ते अध्यात्माच्या कपाटात लावलं, कारण आत सगळी ध्यानधारणा होती. अण्णा चिडले. "अगो, येवढी मोठी होडी दिसत नाय तुका?" शकू म्हणाली, "दिसता तर. पण अण्णानू, ती खंय जातच नाय." मी पावतीपुस्तकात तोंड खुपसून हसत होते. दुसऱ्या एका सद्गृहस्थाने वडिलांच्या पश्चात त्यांची पुस्तकं दान दिली, त्यात जुनी रेल्वेची वेळापत्रकं निघाली. मी रद्दीत टाकायला निघाले, तर शकूने ती ओढून घेतली आणि इतिहासात लावली. "ह्यो गाड्यो आता खंयच्या? इतिहासातच जातल्यो," म्हणाली. ती अजून तिथे आहेत, आणि सांगायला हरकत नाही, वर्षाकाठी एखादा म्हातारा ती घरी नेऊन वाचतोसुद्धा.

लेखिकांच्या नावांवरून मात्र तिचं डोकं फिरायचं. बाई लग्नाआधी एका नावाने लिहिते, लग्नानंतर दुसऱ्या, आणि काही वर्षांनी दोन्ही जोडून तिसऱ्या. वाचकाला सगळी पुस्तकं एका जागी मिळायला हवीत, म्हणून शकू माहेरच्या नावाचं एक कार्ड करून त्यावर 'पाहा' असं लिहून सासरचं नाव घालायची. अशी पाहा-कार्डं लिहिताना तिची टिप्पणी चालू असे. ह्या बाईचं आडनाव बदलल्यावर पुस्तकंच बारीक व्हायला लागली, त्या बाईने जुनं नाव परत घेतलं ते बरं केलं, वगैरे. तिने स्वतः लग्न केलं नाही. एकदा मी छेडलं, की तुझं पाहा-कार्ड करायची संधी आम्हाला दिली नाहीस. ती लिहिता लिहिता वर न बघता म्हणाली, "माझां कार्ड एकच. जल्मापासून सरणापर्यंत." मी म्हटलं, "तोंड सांभाळ गो." ती हसली आणि शाई वाळवायला कार्डावर फुंकर मारली.

कुणाला वाटेल, अशा बाईच्या घरी डबेसुद्धा नंबर लावून ठेवलेले असतील. छे! बंदरावरच्या तिच्या घरात चहाची पूड शोधायची तर आधी साखर, मग खिळे आणि मग तिचा हरवलेला चष्मा सापडायचा. वहिनी तिच्यापुढे हात टेकायची. मी विचारलं, तर म्हणे, "घरात मी एकटीच शोधणारी. माका काय घाई?" हे तिचं उत्तर मी तेव्हा थट्टेवारी नेलं. पण तिच्या कामाचं सगळं सार त्यात होतं. व्यवस्था करायची ती दुसऱ्यासाठी. आपल्याला न विचारता, आपलं तोंड न बघता दुसऱ्याला हवं ते मिळालं पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. संगणक आल्यावर तिने सगळी कार्डं पुन्हा एकदा त्यात भरली, कुरकुर न करता, उलट एकाच पुस्तकाला आता हवे तितके विषय देता येतात म्हणून खुशीत. पुस्तक तयार होऊन फळीवर गेलं की ती क्षणभर मागे सरकून त्याच्याकडे बघायची आणि पदराला हात पुसायची. त्यात एक समाधान असे, ते मला माझ्या टेबलावर कधी मिळालं नाही, हे कबूल करायला हवं.

पण तिचं एक दुखणं होतं. आमची कपाटं बंद. काचेची दारं, आणि दारांना कुलपं. वाचकाने माझ्या टेबलाशी यायचं, पुस्तकाचं नाव सांगायचं, मी कपाट उघडून काढून द्यायचं. नाव माहीत नसेल तर "निळ्या कव्हराचां," "मागच्या येळी नेल्लंय तसलां" असं काहीबाही सांगायचं, आणि मी माझ्या मर्जीने काहीतरी हातावर ठेवायचं. शकूने मोठ्या कष्टाने एकाशेजारी एक बसवलेली पुस्तकं वाचकाला दिसायची ती काचेतून, मान वाकडी करून. तिला कपाटं उघडी हवी होती. आल्या आल्या पहिल्या वर्षापासून तिचं हे एकच मागणं. "लोक हय येतत आनी तुझ्या तोंडाकडे बघीत रवतत. मी मरमरान नंबर घालतंय तां कोणासाठी? तुझ्यासाठी?"

"मगे? मी कोण नाय काय?" मी म्हणायची. मी तिच्या बाजूची नव्हते, आणि ते लपवायचं कारण नाही. कपाटं उघडी झाली की पुस्तकं कुठली कुठे जाणार आणि ती शोधायला मीच धावणार, हे मला दिसत होतं. शिवाय काढून द्यायची माझी ऐटही होती. "आनी चोरीक गेली तर?" मी विचारायची. "चोरीक गेली तर वाचूकच गेली ना? चोर काय ती शिजवन खातलो?" असं तिचं ठरलेलं उत्तर. मग आम्ही दोघी तासभर बोलत नसू, आणि चहा आला की विसरून जायचो.

निर्णय चिटणिसांचा, म्हणजे अण्णांचा. अण्णा वाईट माणूस नव्हे. तरुणपणी घरोघर फिरून त्यांनी ही पुस्तकं जमवलेली. पडताळणीत एखादं पुस्तक सापडलं नाही की जेवण जायचं नाही त्यांना. एरवी ते आमच्याशी गावच्याच भाषेत बोलत, पण सभेत त्यांनी शुद्ध मराठी सुरू केलं की समजावं, नकार येतोय. शकूचा विषय निघाला की ते चष्मा काढून म्हणत, "हा प्रस्ताव तूर्त विचाराधीन ठेवण्यात यावा." दर वर्षी तेच वाक्य. शकू माझ्या कानाशी ते त्यांच्याआधीच पुटपुटायची.

एकदाच त्यांनी थोडं ऐकलं. एक कपाट, तेही धार्मिक ग्रंथांचं, प्रयोग म्हणून उघडं ठेवायचं. धर्माची पुस्तकं कोण चोरणार, असा त्यांचा हिशोब. शकूने त्या कपाटाचं कुलूप स्वतःच्या हाताने काढलं आणि नेऊन टेबलाच्या खणात टाकलं. त्यानंतर वैभववाडीला मावसबहिणीचं लग्न निघालं, म्हणून ती रजेवर गेली, आणि नेमकी तेव्हाच पडताळणी आली. अण्णा आकड्यांप्रमाणे पुस्तकं बघायला लागले तर त्या उघड्या कपाटात एक जागेवर असेल तर शपथ. हे नाही, ते नाही, अर्धी गहाळ. अण्णांचा चेहरा उतरला. संध्याकाळी कपाटाला परत कुलूप. मला तर 'बघ, मी सांगितलं नव्हतं' म्हणायची घाईच झाली होती, फक्त ऐकायला शकू नव्हती.

ती आली आणि कपाटासमोर उभी राहिली. काही वेळ बघितलं, आणि हसायला लागली… इतकी की स्टूल ओढून बसली. झालं होतं असं, की आमच्या नेहमीच्या वाचक कुंदाकाकी चतुर्थीच्या साफसफाईच्या दिवसांत पोथी बदलायला आल्या होत्या. काकींच्या घरची फडताळं म्हणजे लख्ख, भांडी चढत्या उतरत्या भाजणीने लावलेली. उघड्या कपाटात एक पुस्तक उंच, त्याशेजारी बुटकं, मग जाडं, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी मायेने एकेक पुस्तक पुसलं आणि सगळं कपाट उंचीप्रमाणे लावून टाकलं, मोठी डावीकडे, बारकी उजवीकडे. एकही पुस्तक गेलेलं नव्हतं. मी कपाळावर हात मारला. शकू मात्र डोळे पुसत म्हणाली, "सुमन, काकीन कपाटातल्या येकेका पुस्तकाक हात लावल्यान गो. माझ्या इतक्या वर्सात असां कोणी केल्यान काय?" अण्णांना तिने सगळी पुस्तकं मोजून दाखवली. ते म्हणाले, "आज सापडली, याचा आनंद आहे. उद्याची शाश्वती काय?" शुद्ध मराठीत. कुलूप राहिलं.

मग ती दुसऱ्या वाटेने गेली. पावसाळ्यात आमच्या बंद कपाटांत दमट हवा कोंडते आणि पुस्तकांना बुरशी येते. पाऊस सरून ऊन कडक झालं की आम्ही पुस्तकं व्हरांड्यात चटयांवर वाळत घालतो, सुक्या बांगड्यांसारखी ओळीने. शकू ती उन्हातसुद्धा नंबराप्रमाणेच मांडायची. येणारा-जाणारा थांबायचा, वाकून एखादं उचलायचा, चाळायचा, आणि शकू मला कोपराने ढोसायची. पोस्टातला माणूस भुताखेतांचं पुस्तक उचलायला आला आणि शेजारचं ताऱ्यांवरचं घेऊन गेला, ते ती कितीतरी दिवस सांगत होती. "बंद ठेवलंत तर सुक्या बांगड्याक पन बुरशी येता," असं तिने अण्णांना तोंडावर सांगितलं. अण्णांनी कपाटांत ठेवायला डांबराच्या गोळ्या मागवल्या.

मग तिचं आजारपण आलं. पोटात दुखायचं, ती ओवा खाऊन काम करत राहिली, आणि गोव्याला हॉस्पिटलात दाखवलं तेव्हा फार उशीर झाला होता. अधूनमधून बरं वाटलं की रिक्षाने यायची, टेबलावर बसायची, दोन-चार पुस्तकं करायची. पुढे तेही बंद झालं. मग मीच जायला लागले. नवी पुस्तकं आली असली तर कापडी पिशवीत घालून न्यायची. कामासाठी न्यायची असं मी सांगे, पण खरं म्हणजे रिकाम्या हाताने तिच्यासमोर बसवत नसे. दारात पाऊल ठेवलं की तिचा पहिला प्रश्न, "उघडली?" मी म्हणायची, "नाय गो." कधी कधी वाटे, हो म्हणून टाकावं, तिला कुठे बघायला यायचंय? पण शकूच्या समोर चुकीची नोंद करायचं धाडस मला झालं नाही. आणि खोटं तिने माझ्या चेहऱ्यावर वाचलं असतंच.

शेवटची भेट तशी साधीच झाली. पडवीत तिची खाट होती, समोर जाळी वाळत पडलेली, वहिनी पेज घेऊन आत-बाहेर करत होती. मी आंब्याच्या कलमांवरचं एक पुस्तक नेलं होतं. तिने पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि मधलं उघडायला अंगठा घातला तो तसाच राहिला. दमली. मी पुस्तक काढून घेतलं. "उघडली?" "नाय." "अण्णा काय म्हणता?" मी म्हटलं, "विचाराधीन." ती हसली. "तेका सांग, मी पन विचाराधीन आसंय." मला हसू आलं नाही. तिनेच माझा हात धरला आणि म्हणाली, "माका येकदाच बघूचा होता गो. कोनतरी येतलो, कपाटासमोर उभो रवतलो, आनी जां शोधूक ईलो तां सोडून भलतांच काढून वाचीत बसतलो. तेच्यासाठीच तर बाजूबाजूक ठेवतंय ना पुस्तकां… येवढांच." मी म्हटलं, बघशील. निघताना पुस्तक पिशवीत टाकलं, त्यावर आकडा नव्हता.

वाचनालयाच्या सभागृहात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, उदबत्ती, खुर्च्या भरलेल्या. कुणी तिच्या सचोटीबद्दल बोललं, कुणी अक्षराबद्दल. शेवटी अण्णा उठले. हातात कागद होता, म्हणजे शुद्ध मराठी असणार, असं मनात म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "शकूचा येक काम माझ्याकडसून रवला," ते म्हणाले. "कपाटां उघडूया. सगळी. कोनाची हरकत आसा?" कुणाचीच नव्हती. एवढी वर्षं अडलेली गोष्ट चहाचे कप येईपर्यंत मंजूर झाली. मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. नाही वाटलं. राग आला, असा की हातातला कप मी तसाच खाली ठेवला.

लोक पांगल्यावर मी अण्णांना गाठलं. "येवढां सोपां होतां, तर ती आसताना कित्याक नाय?" अण्णा बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले. ते म्हणाले, "ती रोज समोर दिसायची ना गो. वाटायचां, आज नाय तर उद्या. शकू काय, हयच तर आसा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुस्तक जाईल म्हणून जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस, आणि गेलं ते भलतंच. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. राग पुरता गेलेला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

दुसऱ्याच दिवशी कपाटांची दारं बिजागऱ्यांसकट काढली. प्रत्येक कपाटावर विषयाची पाटी लावली. मी टेबलाशी बसून राहिले, आता गर्दी आत शिरेल म्हणून धास्तावलेली. कुणीही शिरलं नाही! लोक आले, टेबलाशी उभे राहिले, आणि पूर्वीसारखंच म्हणाले, "येखादां बरां बघून दी." मी आत जाऊन घ्या म्हटलं की दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जायला सांगितल्यासारखे बिचकायचे. एकाने चपला काढल्या. कुंदाकाकी तर वर्तमानपत्रांच्या टेबलावरून उठायलाच तयार नव्हत्या. मागच्या वेळचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "नको गो बाय, माझ्यामुळेच तेव्हा तिका…" म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग मी त्यांना शकू हसत हसत काय म्हणाली होती ते सांगितलं, एकेका पुस्तकाला हात लावल्याचं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यानंतर त्या आत गेल्या, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून.

रोज सकाळी मी सगळी कपाटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घ्यायची. पुस्तकं काल संध्याकाळी होती तशीच, आकड्यामागे आकडा, एकसुद्धा इकडचं तिकडे नाही. जन्मभर मला हेच हवं होतं. आता त्या सरळ रांगा बघवत नसत. तिच्यासाठी दारं काढली, आणि तिच्या पुस्तकांना हात लावायला कुणी नाही… असं किती तरी दिवस चाललं.

मग परवा, धार्मिक ग्रंथांच्या कपाटात खालच्या फळीवर, जाडजूड पोथ्यांच्या मागे काहीतरी आडवं दिसलं. हात घालून काढलं तर कादंबरी. चांगली पाचशे पानांची, अलीकडेच आलेली, कादंबऱ्यांच्या कपाटापासून पार दुसऱ्या टोकाला. ती आपोआप तिथे पडणं शक्य नव्हतं. मध्ये एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आमच्याकडे एका वर्गणीत एकच पुस्तक घरी नेता येतं. कुणीतरी एक आधीच घरी नेलेलं असणार. तरी तो, किंवा ती, इथे आली, कपाटासमोर उभी राहिली, ही कादंबरी काढली, बसून वाचली, आणि उद्या परत येईपर्यंत दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून जिथे माणूस सहसा फिरकत नाही तिथे, देवाच्या पाठीमागे लपवून गेली.

"शकू, बघ गो हय काय गावला!" मी ओरडले. खरंच ओरडले, भर वाचनालयात. दोन-तीन माना वर झाल्या. शकूच्या खुर्चीवर नव्या पुस्तकांचं न सोडलेलं पार्सल होतं. कुंदाकाकींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय गावला गो?"

"काय नाय काकी. वाचा तुमी."

मी पदराने डोळे पुसले. चुकीच्या जागचं पुस्तक दिसलं की उचलून जागेवर नेऊन ठेवायचं, ही इतक्या वर्षांची सवय आहे, आणि हात आपोआप कादंबऱ्यांच्या कपाटाकडे निघालाही होता. त्याला आवरलं. पुस्तक होतं तिथेच, पोथ्यांच्या मागे, आडवं सारून ठेवलं, आणि तिकीट पडणार नाही असं जरा आत दाबलं. दिवसभर त्या बाजूला मुद्दाम बघितलं नाही, उगाच कुणी बिचकायला नको.

आज सकाळी मात्र आल्या आल्या आधी तेच कपाट बघितलं. पुस्तक तिथेच होतं. तिकीट बरंच पुढे सरकलं होतं.